दुसरा फ्लॅट घेताना: आधी रेकी, मग चढाई

  

निवृत्तीनंतर माझ्याकडे एक काम आपोआप आलं. ओळखीचे माजी सैनिक फ्लॅटचे, प्लॉटचे कागद घेऊन येतात आणि म्हणतात, "साहेब, सही करण्याआधी एकदा नजर टाका." मी वकील नाही, सीए नाही. पण हिशोब मांडता येतो आणि प्रश्न विचारायची सवय आहे. आज बोलणार आहे ते गुंतवणूक म्हणून घेतलेल्या दुसऱ्या घराबद्दल. राहतं घर वेगळं. डोक्यावरच्या छपराची किंमत टक्क्यांत मोजत नाहीत.

फौजेत कुठलीही मोहीम ठरवण्याआधी आम्ही 'ॲप्रिसिएशन' लिहितो. उद्दिष्ट काय, जमीन कशी आहे, आपलं बळ किती, समोरून काय येऊ शकतं, आणि फसलं तर मागे काय आहे. घराच्या व्यवहाराला हेच प्रश्न लावू.

पहिला प्रश्न उद्दिष्टाचा. हे घर कशासाठी? भाड्यासाठी, भाव वाढेल म्हणून, की मुलगा पुढेमागे परत येईल म्हणून? तिन्हींची उत्तरं वेगळी. मुलासाठी घेत असाल तर आधी मुलाला विचारा. तो बेंगळुरूत स्थिरावला असेल तर सातारा रोडवरच्या फ्लॅटची किल्ली त्याच्या काय कामाची?

आता परतावा. एक उदाहरण मांडतो, आकडे समजण्यापुरते धरलेले आहेत. फ्लॅट तयार आहे, किंमत ६० लाख. महाराष्ट्रातल्या मोठ्या शहरात मुद्रांक शुल्क ७ टक्के धरलं तर ४ लाख २० हजार, नोंदणीचे ३० हजार. दलाली ६० हजार. पंखे, कपाटं, किचन ट्रॉली, रंग मिळून २ लाख ९० हजार. म्हणजे तुमचा फ्लॅट ६० लाखांचा नाही, ६८ लाखांचा आहे. ही पहिली गोष्ट, जी कोणी हिशोबात धरत नाही.

भाडं महिना १६ हजार. भाडेकरू बदलताना एखादा महिना घर रिकामं राहतंच, म्हणून ११ महिने धरू. झाले १ लाख ७६ हजार. त्यातून सोसायटीचा मेंटेनन्स ३० हजार, घरपट्टी १२ हजार, नळ-गळती-रंगरंगोटीचे १४ हजार गेले. हातात उरले १ लाख २० हजार. ६८ लाखांवर हे पावणेदोन टक्के होतात, तेही आयकर भरण्याआधी. दलाल तुम्हाला तीन टक्क्यांच्या वर सांगतो, कारण तो बारा महिन्यांचं भाडं ६० लाखांनी भागतो. दोघांचं गणित बरोबर आहे, पण पैसे तुमच्या खिशातून जाणार आहेत.

यात कर्ज आणू. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार ३० लाखांच्या वर ७५ लाखांपर्यंतच्या गृहकर्जात बँक घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंतच देऊ शकते, आणि सहसा मुद्रांक शुल्क-नोंदणी त्या किमतीत धरत नाहीत. आपण ४० लाख घेऊ. साडेआठ टक्के, २० वर्षं. हप्ता साधारण ३४ हजार ७०० रुपये. भाड्यातून महिन्याला १० हजार सुटतात, बाकीचे २४ हजार ७०० पेन्शनमधून किंवा पगारातून.

पहिल्या वर्षी व्याजच जातं सुमारे ३ लाख ३७ हजार. त्यातून निव्वळ भाडं वजा केलं की राहिले २ लाख १७ हजार. शिवाय घरचे २८ लाख अडकले. ते सात टक्क्यांच्या एफडीत असते तर १ लाख ९६ हजार मिळाले असते. बेरीज ४ लाख १३ हजार. म्हणजे या ६० लाखांच्या फ्लॅटचा भाव वर्षाला जवळजवळ सात टक्के वाढला, तर तुम्ही एफडीच्या बरोबरीला येता. सुरुवातीला घातलेले ८ लाख तर अजून वसूल व्हायचेच आहेत. जागेचा भाव दरवर्षी इतका वाढेल का? काही ठिकाणी वाढतो, काही ठिकाणी सात-आठ वर्षं जागचा हलत नाही. तो प्रश्न घेणाऱ्याने स्वतःला विचारायचा आहे.

कर्जाचा आणखी एक गुण ध्यानात ठेवा: ते दोन्ही बाजूंनी मारा करतं. भाव १० टक्के वाढला तर ६ लाख वाढले, तुमच्या २८ लाखांवर २१ टक्के. म्हणून लोक खूश होतात. पण भाव १० टक्के पडला तर तेच २१ टक्के तुमचे जातात, बँकेचे नाही.

आणि व्याजदर आपल्या हातात नसतो. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या नऊ-दहा महिन्यांत रेपो दर ४ वरून ६.५ टक्क्यांवर गेला. ऑक्टोबर २०१९ पासून बँकांची नवीन फ्लोटिंग गृहकर्जं अशा बाहेरच्या दराशी बांधलेली आहेत, त्यामुळे झळ लगेच लागते. आपल्या उदाहरणात साडेआठचे अकरा टक्के झाले तर हप्ता ३४ हजार ७०० वरून ४१ हजार ३०० च्या आसपास जातो. हप्ता तोच ठेवून मुदत वाढवू म्हणाल, तर कर्ज नवीन असताना तेही जमत नाही. अकरा टक्क्यांनी पहिल्या महिन्याचं नुसतं व्याजच ३६ हजार ६०० च्या वर होतं. म्हणून सही करण्याआधी आजच्या दरात अडीच टक्के मिळवा आणि तो हप्ता झेपतो का बघा. साठीच्या माणसाला बँक २० वर्षं देतही नाही. तेच ४० लाख १० वर्षांत फेडायचे तर साडेआठ टक्क्यांनीच हप्ता ४९ हजार ६०० होतो.

आता जमिनीची रेकी, म्हणजे कागद. जमिनीच्या नोंदीला महाराष्ट्रात आणि गुजरातेत सातबारा, मध्य प्रदेशात खसरा-खतौनी, कर्नाटकात पहाणी म्हणतात. बेंगळुरूत 'बी खाता' असलेली मालमत्ता स्वस्त दिसते, कारण तिथे बँका कर्जाला कचरतात. महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्याला शेतजमीन सहसा घेता येत नाही. 'एनए होणारच आहे' या वाक्यावर पैसे देऊ नका, झाल्यावर द्या. तयार फ्लॅटला भोगवटा प्रमाणपत्र मागा. तीस वर्षांचा टायटल सर्च स्वतःच्या वकिलाकडून करा, बिल्डरने सुचवलेल्या नव्हे.

बांधकाम चालू असलेल्या फ्लॅटवर ५ टक्के जीएसटी लागतो, परवडणाऱ्या घरांना १ टक्का; पूर्णत्वाच्या दाखल्यानंतर घेतलेल्याला लागत नाही. २०१६ च्या रेरा कायद्याने मोठं संरक्षण दिलं. ग्राहकांच्या पैशांतले ७० टक्के त्या प्रकल्पाच्या वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात, नोंदणीकृत करार केल्याशिवाय १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही, आणि ताबा रखडला तर व्याज किंवा व्याजासह परतावा मागता येतो. आपापल्या राज्याच्या रेरा संकेतस्थळावर प्रकल्प बघा: ताब्याची तारीख किती वेळा पुढे ढकलली, खटले किती, याआधीचे प्रकल्प पूर्ण झाले का.

पण कवच घातलं म्हणून गोळी लागत नाही असं नाही. माझ्या ओळखीच्या एका सुभेदार साहेबांनी निवृत्तीचे जवळजवळ सगळे पैसे अशा फ्लॅटमध्ये घातले. ताबा तीन वर्षं लांबला. राहत्या जागेचं भाडं आणि कर्जाचा हप्ता एकाच वेळी चालू. तक्रार केली, आदेश त्यांच्या बाजूने लागला. वसुली मात्र रेंगाळली. दरम्यान मुलीच्या कॉलेजची फी आली, वहिनींचं ऑपरेशन निघालं. कागदावर लाखोंची मालमत्ता असलेला माणूस पर्सनल लोन काढायला बँकेत उभा होता. घराची एक खोली विकून हॉस्पिटलचं बिल भरता येत नाही, मंडळी.

माजी सैनिकांना इथे एक गोष्ट खास सांगतो. आपण पेन्शनचा ५० टक्क्यांपर्यंतचा भाग कम्यूट करतो, आणि तो पंधरा वर्षांनी परत सुरू होतो. हातात आलेली ती मोठी रक्कम म्हणजे पुढच्या पंधरा वर्षांचं आपलंच पेन्शन आहे. ते आगाऊ घेतलेलं रेशन आहे. एका दिवसात संपवायचं नसतं.

मग घ्यायचंच नाही का? घ्या. माझ्या तीन अटी आहेत. एक, घरखर्च आणि हप्ता मिळून २४ महिन्यांची रक्कम बाजूला हवी, हात न लावता. दोन, अडीच टक्के वाढलेल्या दराने आणि सहा महिने भाडेकरू नसतानाही हप्ता निघायला हवा. तीन, राहतं घर सोडून तुमच्या पुंजीच्या निम्म्याहून जास्त एका जागेत नको. तिन्ही पूर्ण होत असतील आणि कागद स्वच्छ असतील, तर दोन पैसे कमी मिळाले तरी झोप शांत लागेल. फ्लोटिंग दराच्या गृहकर्जाला मुदतीआधी फेडण्याचा दंड बँक लावू शकत नाही. जमेल तसं मुद्दल फेडत जा.

एखादी अट पुरी होत नसेल तर थांबा. भाड्याच्या उत्पन्नाचीच ओढ असेल तर शेअर बाजारात नोंदलेले 'रीट' आहेत, भारतात २०१९ पासून. वाटपयोग्य रोकडीचा किमान ९० टक्के भाग त्यांना गुंतवणूकदारांना द्यावा लागतो. त्यांचाही भाव खाली-वर होतो, पण गरजेपुरतेच युनिट विकता येतात.

शेवटचं. विकताना कर लागतो हे खरेदीच्या दिवशीच लिहून ठेवा. २४ महिन्यांहून जास्त ठेवलेल्या घराच्या नफ्यावर आता साडेबारा टक्के कर आहे. २३ जुलै २०२४ आधी घेतलेल्या घराला इंडेक्सेशनसह २० टक्क्यांचा पर्यायही आहे. आणि मृत्युपत्र करा. आपल्यामागे मुलांनी त्या घरावरून कोर्टात उभं राहू नये.

आज रात्री एक काम करा. नवरा-बायको एकत्र बसा, कागदावर तुमच्या फ्लॅटचे खरे आकडे लिहा, आणि खाली एकच प्रश्न लिहा: हा व्यवहार फसला तर आपली चूल पेटती राहील का? उत्तर 'हो' असेल तर खुशाल पुढे चला.

जय हिंद, जय महाराष्ट्र.