दोन पूल



वास्तुशास्त्राचे विद्यार्थी म्हणून आम्ही युरोपातील इमारती व पूल पाहून आलो. त्यांपैकी दोनच पुलांविषयी बोलण्याची अनुज्ञा असावी.

स्वित्झर्लंडमधील शीर्स गावाजवळ एका खोल दरीवर रोबेर मायार यांनी बांधलेला साल्गिनाटोबेल पूल आहे. १९३० साली पुरी झालेली त्याची काँक्रीटची कमान ९० मीटरांची. १९ आराखड्यांतून तो निवडला गेला, कारण तो सर्वांत कमी खर्चाचा होता. कमानीच्या दोन्ही टोकांस व मध्यावर बिजागरीसारखे सांधे असल्यामुळे ऊनथंडीने ती किंचित हलली तरी तीस इजा पोहोचत नाही. १९९० च्या दशकात त्याची साक्षेपाने दुरुस्ती झाली.

तेथून आम्ही इटलीतील जेनोव्हास गेलो. तेथे रिकार्दो मोरांदी यांचा पूल १९६७ साली खुला झाला होता. त्यास तोलून धरणाऱ्या पोलादी तारा काँक्रीटने झाकलेल्या होत्या. आतील गंज बाहेरून दिसत नसे. १४ ऑगस्ट २०१८ रोजी पुलाचा भाग कोसळून ४३ माणसे मृत्युमुखी पडली. त्याच जागी २०२० साली उभारलेल्या नव्या पुलाखाली आम्ही निःशब्द उभे राहिलो.

बांधणाऱ्याचे नाव मागे राहते. राखणाऱ्याचे कोणी विचारीत नाही. वास्तूचे आयुष्य मात्र त्याच्याच हाती असते. ज्ञातिबांधवहो, नव्या वसतिगृहाच्या कोनशिलेसाठी आपण सढळ हाताने देतो; जुन्याचे छप्पर गळू लागले म्हणजे हात आखडतो. दुरुस्ती-निधीसही तितक्याच औदार्याने द्यावे, एवढीच आपणां सर्वांस नम्र विनंती.