एका बाकावरची समता

(वटार येथे कार्यकर्ते, पालक व शिक्षक यांच्यापुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



माझ्या लहानपणी आमच्या वर्गात पोलिओने एक पाय अधू झालेला मुलगा होता. खेळाच्या तासाला सारा वर्ग मैदानाकडे धावत सुटे आणि त्याला आमची दप्तरे व चपला राखण्यासाठी झाडाखाली बसविण्यात येई. आमचे गुरुजी काही कठोर नव्हते. त्याला त्रास होऊ नये हाच त्यांचा हेतू होता, आणि आम्हालाही त्यात काही वावगे वाटत नसे. आज ध्यानात येते की, काही माणसे खेळतात आणि काहींनी खेळणाऱ्यांच्या वस्तू राखायच्या असतात, हा धडा आम्ही त्या मैदानावर अंकगणितापेक्षाही पक्का शिकलो. कोणत्याही पाठ्यपुस्तकात तो छापलेला नव्हता.

कायद्याच्या दृष्टीने पाहिले तर अशा मुलांचा हक्क आता निर्विवाद आहे. त्यांना शक्य तेथवर सर्वसाधारण शाळेतच शिकवावे, अशी दिशा कोठारी आयोगाने 1966 सालीच दाखविली होती. 1974 साली केंद्र सरकारने त्यासाठी योजना आखली. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात 2012 साली दुरुस्ती होऊन अपंग मुलांचा त्यात स्पष्ट समावेश झाला. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने अपंगत्वाचे 21 प्रकार मान्य केले, आणि शाळांनी या मुलांना भेदभाव न करता प्रवेश द्यावा, एवढेच नव्हे तर खेळ व करमणुकीतही इतरांच्या बरोबरीने संधी द्यावी, असे बंधन घातले. म्हणजे माझ्या त्या वर्गमित्राला झाडाखाली बसविणे आज कायद्याच्या विरुद्ध ठरेल. परंतु 2011 च्या जनगणनेत 5 ते 19 वयोगटातील अपंग मुलांपैकी सुमारे 27 टक्के मुलांनी शाळेचे तोंडही पाहिलेले नव्हते. सरकारी कागदांवर ‘अपंग’चे ‘दिव्यांग’ झाले. तथापि झाडाखालचा मुलगा उठून मैदानात आला की नाही, हे कागद सांगत नाहीत.

दार उघडणे आणि मन उघडणे ही दोन वेगळी कामे आहेत, हे आपल्या चळवळीला कोणी शिकवावयास नको. 1947 साली पंढरपूरचे विठ्ठलमंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींनी प्राणांतिक उपोषण केले. पण त्याआधी त्यांनी महाराष्ट्रभर दौरा करून लोकांची मने वळविण्याची खटपट केली होती. शाळेचे दार आज कायद्याने उघडले आहे. मनांचा दौरा मात्र अजून व्हावयाचा आहे.

तो कसा व्हावा? आपल्याकडील रूढ मार्ग म्हणजे दयेचा उपदेश. वर्षातून एक दिवस पाहुणे येतात, कुबड्या व श्रवणयंत्रे वाटली जातात, छायाचित्रे निघतात, आणि “बिचाऱ्यांना मदत करा” असे मुलांना सांगितले जाते. दया करणारा नेहमी वर उभा असतो आणि घेणारा खाली, हे मूल बरोबर टिपते. दुसरा मार्ग अधिक आधुनिक दिसतो. मुलांच्या डोळ्यांवर पट्टी बांधून त्यांना काही वेळ आंधळेपणाचा अनुभव द्यावयाचा. परंतु 2015 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात असे दिसले की, पट्टी बांधून चाचपडलेल्या विद्यार्थ्यांना अंध माणसे काम करण्यास व स्वतंत्रपणे जगण्यास उलट कमीच समर्थ वाटू लागली. हे स्वाभाविक आहे. पट्टी बांधलेल्याला पहिल्या क्षणाची भीती कळते. वर्षानुवर्षांच्या सवयीने अंध माणसाने मिळविलेले कौशल्य कळत नाही.

गॉर्डन ऑलपोर्ट या मानसशास्त्रज्ञाने 1954 साली पूर्वग्रहाविषयी लिहिताना एक विचार मांडला. दोन गट नुसते शेजारी बसल्याने दुरावा जात नाही. समान दर्जा, समान उद्दिष्ट, परस्परांवर अवलंबून असलेले काम आणि वरिष्ठांचा पाठिंबा असेल तरच तो ओसरतो. वसईकरांनी याचा अनुभव घेतलेला आहे. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखाली हरित वसईची चळवळ उभी राहिली, तेव्हा ख्रिस्ती व हिंदू जवळ आले ते ऐक्यावरील व्याख्याने ऐकून नव्हे. विहिरीचे पाणी आणि वाडीची जमीन वाचविणे हे दोघांचेही काम होते, म्हणून ते जवळ आले.

वर्गातही हेच करावयाचे आहे. गटात काम देताना अपंग मुलाच्या वाट्याला असा भाग यावा की, त्याच्यावाचून गटाचे काम पुरे होऊ नये. कर्णबधिर मूल वर्गात असेल तर साऱ्या वर्गाने चार खुणा शिकाव्यात. एखाद्या मुलाने “हा असा का बोलतो?” असे विचारले तर त्याला गप्प करू नये, सरळ, खरे उत्तर द्यावे. आणि खेळाचे म्हणाल, तर नियम काही आकाशातून पडलेले नाहीत. अंगण अरुंद असले की आपली मुले ‘एक टप्पा आउट’ असा नियम स्वतःच करतात. जागेसाठी नियम बदलतो, तर सोबत्यासाठी का बदलू नये? फलंदाजी त्याने करावी, धावा दुसऱ्याने काढाव्यात. मुलांना हे सुचते. आडवे येतो ते आपण मोठे.

आपणही यातून सुटत नाही. आपल्या मोर्चांतील घोषणा आठवा. सरकारचा निषेध करावयाचा झाला की ते आंधळे, बहिरे, पांगळे होते. मोर्चाच्या कडेला उभे असलेले मूल त्यातून काय शिकत असेल? जो ऐकूनही ऐकत नाही, त्याला बेपर्वा म्हणावे. बहिऱ्या माणसाने कोणाचे काय बिघडविले आहे?

अर्थात, मुलांच्या चांगुलपणावर भार टाकून शासनाला मोकळे होता येणार नाही. एकाच विशेष शिक्षकाने अनेक शाळा सांभाळाव्यात, आणि उरलेले दिवस वर्गशिक्षकाने कसेबसे निभावावेत, ही व्यवस्था चालू द्यावयाची नाही. उतरण, स्वच्छतागृह आणि प्रशिक्षित शिक्षक यांची मागणी आपण करीतच राहिले पाहिजे.

त्यासाठी हाताशी साधनही आहे. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या स्त्रिया असतात. आपले कार्यकर्ते या समित्यांत आहेत, नसतील तेथे त्यांनी जावे. पुढच्या बैठकीत दोनच प्रश्न विचारावेत. आपल्या वस्तीतील कोणते मूल अजून घरी बसले आहे? आणि जे शाळेत येते, ते खेळाच्या तासाला काय करते?

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मुख्याध्यापकांकडून ऐकून घेऊन थांबू नका. त्या तासाला स्वतः मैदानावर जा आणि झाडाखाली कोण बसले आहे ते पाहा.