चांगल्या दिवसांचीही चौकशी करा



कॉलेजातला मुलगा महिनोन्‌महिने खोलीत पडून असतो. जेवणावर वासना नाही, परीक्षा बुडालेली. नैराश्याचं निदान होतं, गोळी सुरू होते आणि काही आठवड्यांत तो उठून कामाला लागतो. रात्री तीन तास झोपूनही ताजातवाना, तोंड मिटत नाही, मित्रांवर पैसे उधळतो. आई देवापुढे साखर ठेवते. मला मात्र अशा वेळी काळजी वाटते.

हा उन्माद असू शकतो, आणि नैराश्य व उन्माद यांच्या पाळ्या येणारा आजार म्हणजे बायपोलर. तो बहुधा विशीच्या आगेमागे डोकं वर काढतो आणि पुष्कळदा आधी नैराश्यच दिसतं. उन्मादाची पाळी कधी काही वर्षांनी येते. नैराश्य आलेल्या बहुतेक मुलांना बायपोलर नसतो, हे खरं. पण ज्यांना असतो, त्यांचा तो रक्त तपासून किंवा मेंदूचा स्कॅन काढून कळत नाही. तो कळतो घरच्यांनी दिलेल्या माहितीवरून.

नेमकी तीच राहून जाते, कारण चांगल्या दिवसांची तक्रार कोण करणार? म्हणून मी खोदून विचारते. सलग चार दिवस किंवा अधिक, झोप कमी आणि तरी अंगात जोर, असं पूर्वी झालं होतं? तेव्हा तो बेफाम वागत होता? की उगाच अंगावर धावून येत होता? उन्मादात माणूस आनंदीच असतो असं नाही. काका, आजी, कुणाला असा त्रास होता? लग्नं मोडतील या भीतीने घराण्यातला आजार झाकला जातो. डॉक्टरांपासून तरी तो झाकू नका, मी हात जोडून सांगते.

कारण उत्तरावर औषध ठरतं. बायपोलरमध्ये नुसती नैराश्याची गोळी उन्माद चेतवू शकते. तिथे मन स्थिर ठेवणारं औषध लागतं. त्यातलं लिथियम ऑस्ट्रेलियाच्या जॉन केड यांनी १९४९ साली उन्मादावर वापरून दाखवलं, आणि आत्महत्येचा धोका कमी करण्यात ते आजही मोलाचं आहे. त्यासाठी रक्तातली पातळी, थायरॉइड, मूत्रपिंडं वेळोवेळी तपासावी लागतात. उन्हाळ्यात पाणी कमी पडू देऊ नये. जुलाब-उलट्या झाल्या तर लगेच डॉक्टरांना कळवावं.

गोळी चालू असताना झोप अचानक उडाली, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका. पण मनानेच औषध बंदही करू नका. मुलगा किंवा मुलगी मरणाची भाषा बोलत असेल, तर एकटं सोडू नका आणि टेली-मानस या मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करा. तो मोफत आहे, रात्रीही चालू असतो आणि मराठीत बोलता येतं.