एंजल माशांचा संसार

घरांतल्या कांचेच्या टाकींत मासे पाळणारे पुष्कळ. परंतु त्या टाकींत माशांचा संसार सुरू झाला म्हणजे बहुतेकांची तारांबळ उडते. आज मी एंजल माशाविषयींच बोलणार आहें. हा मूळचा दक्षिण अमेरिकेंतील अमेझॉनच्या खोऱ्यांतला. सिक्लिड नांवाच्या ज्या कुळांत तो मोडतो, त्याच कुळांतला आपला गोव्याकडचा काळुंदर. अपत्यांची राखण करणें हा या कुळाचा विशेष होय.

नर-मादी बाहेरून ओळखणें कठीण. म्हणून पांच-सहा पिलें एकत्र वाढवावीं आणि त्यांचीं लग्नें त्यांनाच जुळवूं द्यावीं. एखादी जोडी रुंद पान तोंडानें घांसूं लागली, कीं बाकीचे मासे अन्यत्र हलवावे. पानाऐवजीं दगडी पाटी उभी टेकवली तरी चालते. लांकडी चौकट तेवढी काढावी. मादी त्यावर दोन-तीनशें अंडीं ओळीनें चिकटवते.

खरा प्रश्न येथेंच उद्भवतो. पहिल्या एकदोन विणी आईबाप स्वतःच गिळतात, असें वारंवार घडतें. यास्तव व्यापारी पाटीसकट अंडीं काढून घेतात आणि बुरशी टाळण्यासाठीं पाण्यांत मेथिलीन ब्ल्यू घालतात. ज्याचें पोट त्यावर आहे त्यास तें रास्तच. हौशी माणसानें मात्र तसें करूं नये, असें माझें स्पष्ट मत आहे. भ्यालेलें जोडपें अंडीं खातें. कांचेवर टिचक्या मारणें, रात्रीं एकदम दिवा लावणें, हें मुलांना व पाहुण्यांना निक्षून मना करावें आणि तीन-चार विणी वाट पाहावी. मग जें दिसतें तें पाटीसकट उचलून नेणाऱ्यास कधींच दिसत नाहीं: दोघें आळीपाळीनें परांनीं अंड्यांस वारा घालतात, पांढरीं पडलेलीं वेंचून काढतात, खालीं पडलेलें पिलूं तोंडांत धरून पुन्हां जागेवर चिकटवतात!

पाणी २८ अंश सेल्सिअस असल्यास अंडीं सुमारें दोन दिवसांत फुटतात. पुढें चार-पांच दिवस पिलें पोटच्या बलकावर जगतात. तेव्हां अन्न टाकल्यास पाणी मात्र नासतें. तीं पोहूं लागण्याच्या आदल्या दिवशींच मिठाच्या पाण्यांत आर्टेमियाचीं अंडीं उबवावयास घालावीं. त्यांतले ताजे सूक्ष्म जीव दिवसांतून तीन-चारदां थोडेथोडे द्यावे. गाळणी स्पंजचीच हवी. दुसरी पिलांना ओढून घेते.

शंभर पिलें एका टाकींत मावत नाहींत. जास्तीचीं ओढ्यांत सोडणें हें पुण्य नव्हे. १९५२ सालीं भारतांत आणलेला तिलापिया याच कुळांतला, आणि त्यानें आपल्या जलाशयांतील मूळच्या माशांना किती अडचणींत आणलें तें मच्छीमारांस विचारावें. तेव्हां पिलें कोणाकडे जाणार, हें जोडी जमतांच ठरवून ठेवावें.