बचत गटाचे कर्ज : हप्ता धंद्याच्या चालीने बांधा

(किन्हीराजा, ता. मालेगाव, जि. वाशिम येथील महिला बचत गटांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या भागातील शेती मुख्यतः पावसावर अवलंबून आहे. सोयाबीन दिवाळीच्या सुमारास घरात येते, तूर संक्रांतीच्या आसपास. म्हणजे पैसा वर्षातून दोनदा हाती येतो आणि तेल-मीठ, दवाखाना, शाळेचा खर्च मात्र बारा महिने चालू राहतो. ज्या घरी जमीनच नाही, तिथे मजुरी थांबली की चूल थांबते. ही मधली ओढ भरून काढण्यासाठी जोडधंदा हवा आणि जोडधंद्याला भांडवल हवे. हे भांडवल आणावे कसे आणि फेडावे कसे, यावर आज बोलायचे आहे.

गटाची ताकद

१९९२ साली नाबार्डने देशात ५०० बचत गट बँकांशी जोडण्याचा प्रायोगिक प्रकल्प सुरू केला. आपल्या राज्यात महिला आर्थिक विकास महामंडळ १९७५ पासून काम करीत आहे आणि २०११ मध्ये ‘उमेद’ अभियान सुरू झाले. या सर्वांचा पाया एकच : गहाण ठेवायला काही नसलेल्या बाईची पत तिच्या गटाच्या नियमितपणावर ठरते.

दहा जणींनी दरमहा शंभर रुपये जमा केले, तर वर्षाला बारा हजार होतात. ही रक्कम गटातच कर्जाने फिरवली, तर तिचे व्याज सावकाराकडे न जाता गटाच्या पेटीत राहते. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, वेळेवर परतफेड आणि चोख हिशेब ही पंचसूत्री सहा महिने पाळणारा गट अभियानाच्या नियमांनुसार बँक कर्जास पात्र ठरतो. दहा लाखांपर्यंतच्या गटकर्जाला तारण द्यावे लागत नाही, कर्जासाठी ठेव मागता येत नाही आणि गटाचे बचत खाते अडकवून ठेवता येत नाही. व्याज सवलतीच्या चालू वर्षाच्या अटी मात्र शाखेत विचारून घ्या.

व्याजाचा हिशेब

दारावर येऊन तासाभरात कर्ज देणारेही आहेत. त्यांचे कर्ज घेण्यापूर्वी एक प्रश्न विचारा : व्याज मूळ रकमेवर की शिल्लक रकमेवर?

समजा, बारा हजार रुपये घेतले, दर वार्षिक बारा टक्के आणि दरमहा एक हजार मुद्दल फेडायचे. शिल्लक रकमेवर व्याज आकारले, तर वर्षाचे व्याज ७८० रुपये होते. मूळ रकमेवर आकारले, तर १,४४० रुपये. दर तोच, पण भुर्दंड जवळपास दुप्पट! प्रक्रिया शुल्क आणि विम्याची कपात वेगळीच. म्हणून हाती किती पडले आणि एकूण किती परत करायचे, हे दोन आकडे कागदावर लिहून घ्या.

रिझर्व्ह बँकेचे सूक्ष्म कर्जाचे नियम १ एप्रिल २०२२ पासून लागू आहेत. त्यानुसार वार्षिक तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरास विनातारण कर्ज देताना सर्व कर्जांचे मासिक हप्ते मिळून उत्पन्नाच्या निम्म्याच्या वर जाता कामा नयेत. मुदतीआधी फेडल्यास दंड नाही. वसुलीसाठी धमकी, शिवीगाळ करता येत नाही.

हप्ता केव्हा सुरू व्हावा?

बहुतेक कर्जे इथेच फसतात. शेळीचा गाभणकाळ पाच महिन्यांचा. गाभण शेळी आणली, तरी करडे विक्रीला येईपर्यंत सात-आठ महिने सहज जातात. हप्ता मात्र पुढच्याच आठवड्यात उभा राहतो. मग तो भरण्यासाठी दुसरे कर्ज, दुसऱ्यासाठी तिसरे. शेवटी शेळीच विकावी लागते आणि कर्ज मागे उरते. शेळीसाठी गटाकडून कर्ज घ्या. सुरुवातीला फक्त व्याज आणि करडे विकल्यावर मुद्दल, असा ठराव बैठकीतच लिहून घ्या. शेळ्यांचा विमा उतरवा आणि पावसाळ्यापूर्वी आंत्रविषाराची लस टोचून घ्या. एक शेळी दगावली, तरी अख्ख्या कर्जाचा हिशेब कोलमडतो.

डाळीचा धंदा वेगळ्या चालीचा आहे. तूर निघते तेव्हा खरेदी करायची, डाळ करून पुढे वर्षभर विकायची. अकोल्याच्या कृषि विद्यापीठाने विकसित केलेली पीकेव्ही मिनी डाळ मिल गटाला चालवता येते. एक क्विंटल तुरीपासून साधारण ७० किलो डाळ मिळते, चुनी जनावरांना होते. या धंद्यात विक्री सुरू होताच मासिक हप्ता पेलतो. मात्र यंत्राच्या किमतीसोबत तूर खरेदीचे भांडवलही कर्जात धरा, नाहीतर यंत्र घरात आणि पेटी रिकामी अशी गत होते. तांत्रिक माहितीसाठी करडा येथील कृषि विज्ञान केंद्राशी संपर्क साधा.

बंधूंना एक विनंती

कर्ज बाईच्या नावावर, सही तिची, बैठकीत उत्तर द्यायचे तिने आणि पैसा खर्च होतो बियाण्यावर किंवा लग्नावर. असे करू नका. तिचा हप्ता थकला, तर गटातील इतर नऊ जणींची पत जाते. शेतीसाठी पीक कर्ज वेगळे आहे, ते आपल्या नावावर घ्या.

भगिनींनो, अंथरूण पाहून पाय पसरा. पहिले कर्ज लहान घ्या, ते वेळेवर फेडा, मगच दुसरे मोठे घ्या. पुढच्या बैठकीत प्रत्येकीने आपल्या धंद्याचा पैसा कोणत्या महिन्यात येतो ते वहीत लिहावे आणि त्याच महिन्यांसमोर हप्ता मांडावा. एवढे केले, तरी निम्मी अडचण कर्ज घेण्यापूर्वीच सुटेल.