खेळाडूच्या पायाची दुखापत : मैदानावरील पहिली पारख

(शिक्षक व पंचायत सदस्यांसाठी भाषण)



मे २०१८ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील आश्रमशाळांच्या पाच आदिवासी विद्यार्थ्यांनी एव्हरेस्ट शिखर सर केले. या वनप्रदेशातील मुलांच्या पायांत किती बळ आहे, याचा प्रत्यय तेव्हा साऱ्या देशाला आला. कबड्डी, खो-खो व धावणे हे येथील शाळांचे नित्याचे खेळ. पोलीस भरतीसाठी पुरुषांना १६०० व महिलांना ८०० मीटर धावावे लागते. त्यासाठी तरुण-तरुणी पहाटेपासून सराव करतात. अशांपैकी एखाद्याचा पाय दुखावला, तर खेळाबरोबर नोकरीची संधी आणि शेतीचे कामही हातचे जाते.

गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरपासून वेगळा झाला. त्याचे सुमारे तीन चतुर्थांश क्षेत्र वनाखाली आहे. सिरोंच्याहून जिल्हा रुग्णालय सुमारे २०० किलोमीटरवर. त्यामुळे कोणाला तातडीने हलवावे आणि कोणाला विश्रांती द्यावी, हे प्रथम शिक्षकालाच ठरवावे लागते.

सर्वाधिक दुखापती घोट्याच्या. त्यांच्या पारखीची सोपी रीत कॅनडातील ओटावा येथील डॉक्टरांनी १९९२ मध्ये मांडली. घोट्याच्या दोन्ही बाजूंच्या उंचवट्यांची मागील कड बोटाने दाबून पाहावी. तसेच पावलाच्या बाहेरील कडेचे मधले हाड व आतील बाजूचे कमानीवरील हाड दाबावे. हाडावरच तीव्र वेदना होत असतील, अथवा मुलाला चार पावलेही टाकता येत नसतील, तर क्ष-किरण तपासणी आवश्यक समजावी. यांपैकी काहीच नसेल, तर अस्थिभंगाची शक्यता फार थोडी असते. बहुधा अस्थिबंध ताणलेला असतो.

गुडघ्याच्या बाबतीत वेळ बोलते. कबड्डीत पाय पिळवटला, आतून ‘कट्’ असा आवाज आला आणि दोन-चार तासांतच गुडघा टम्म सुजला, तर सांध्यात रक्त साचले असण्याचा व मुख्य अस्थिबंध तुटला असण्याचा संभव मोठा. सूज दुसऱ्या दिवशी हळूहळू आली आणि गुडघा मधेच अडकू लागला, तर आतील कूर्चेकडे लक्ष द्यावे.

धावणाऱ्यांची नडगी दुखते. दुखणे लांबवर पसरलेले असेल, तर सराव कमी केल्याने ते बहुधा ओसरते. पण बोटभर जागेवरच दुखत असेल आणि एका पायावर उडी मारताना कळ येत असेल, तर हाडाला सूक्ष्म तडा गेल्याची शंका धरून धावणे थांबवावे. भरती जवळ आली म्हणून असा पाय पळवला, तर तड्याचा पूर्ण अस्थिभंग होऊ शकतो.

या दोन्ही जिल्ह्यांत आणखी एक दक्षता घ्यावयास हवी. येथे सिकलसेल आजाराचे रुग्ण आढळतात. या आजारात खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा खंडित होऊन हाड झिजू शकते. खुब्याची वेदना पुष्कळदा गुडघ्यात जाणवते. मूल गुडघा दाखवते, रोग मात्र खुब्यात असतो. पडल्याचे कारण नसताना पाय दुखत असेल, मूल लंगडत असेल किंवा सोबत ताप असेल, तर ती खेळातली दुखापत मानू नये. आरोग्य केंद्रात रक्ताची तपासणी करवून घ्यावी. सिकलसेलग्रस्त मुलास अतिश्रम, थंडी व पाण्याची कमतरता बाधते, हेही ध्यानी असावे.

अस्थिभंगाचा संशय येताच चोळणे, ओढणे, शेकणे कटाक्षाने टाळावे. बांबूच्या कामट्यांना कापड गुंडाळून पाय स्थिर बांधावा आणि बोटांचा रंग, ऊब व संवेदना पाहावी. बोटे थंड अथवा बधिर झाली, तर क्षणाचाही विलंब करू नये.

प्रत्येक शाळेने दुखापतीची नोंदवही ठेवावी : कशी झाली, सूज केव्हा आली, चार पावले टाकता आली का. वाहनाची सोय ग्रामपंचायतीने आधीच ठरवावी. मैदानावर अचूक लिहिलेल्या या तीन ओळी शंभर कोसांवरील डॉक्टरांच्या उपयोगी पडतात आणि एखाद्या मुलाचा पाय आयुष्यभरासाठी वाचतो.