न दिसणारी वाफ

श्रोतेहो, चहाचें आधण उकळत असतां किटलीच्या तोटीकडे कधीं निरखून पाहिलें आहे काय? तोटीच्या अगदीं तोंडाशीं बोटभर जागेंत कांहींच दिसत नाहीं. पांढरा लोट त्यापुढें सुरू होतो. हा लोट म्हणजे पाण्याच्या सूक्ष्म थेंबांचा मेघ. खरी वाफ ती, जी दिसत नाहीं.

तिरोडा तालुका १९९९ पर्यंत आमच्या भंडारा जिल्ह्यांत होता. आतां तो गोंदियांत मोडतो. तेथील औष्णिक वीजगृहांत ६६० मेगॅवॉटचे पांच संच आहेत, आणि त्यांचीं चक्रें हीच अदृश्य वाफ फिरविते. तिच्यांत थेंब फार होतां कामा नयेत. टर्बाइनचीं शेवटचीं पातीं इतक्या वेगानें फिरतात कीं आदळणारा थेंब कानशीप्रमाणें पोलाद कुरतडतो.

सामान्य बॉयलरांत पाण्यालगतची वाफ जरा निवाली कीं थेंब धरूं लागते. म्हणून ती अलग करून, भट्टींतील तप्त धुराच्या वाटेंत टांगलेल्या नळ्यांच्या वेटोळ्यांतून नेतात. हा सुपरहीटर, म्हणजे अतितापक. तेथें तपमान ५४० अंश सेंटिग्रेडच्या आसपास चढतें. तिरोड्याचे संच याहून पुढच्या जातीचे. त्यांतील दाब २२१ बारच्या वर असल्यानें उकळणें म्हणून कांहीं घडतच नाहीं. तरी अतितापक तेथेंही लागतोच.

पहिल्या टर्बाइनमध्यें राबून वाफेचा दाब व तपमान दोन्हीं उतरतात. तशीच पुढें दवडली तर ती ओली होईल. म्हणून तिला भट्टीकडे परत आणून जवळजवळ पूर्वींइतकी तापवितात. दाब मात्र वाढवीत नाहींत. हा रीहीटर, पुनस्तापक.

एका विद्यार्थ्यानें मला विचारलें होतें, "गुरुजी, मग पहिल्यानेंच खूप अधिक कां तापवीत नाहींत?" प्रश्न मार्मिक होता. अडचण नळीची आहे. अति तापलेलें पोलाद दाबाखालीं हळूहळू ताणलें जातें, फुगतें आणि शेवटीं फुटतें. नळीला वांचविते ती तिच्या आंतून वाहणारी वाफच! टर्बाइन अकस्मात् बंद पडून पुनस्तापकांतील प्रवाह थांबला, तर जाळ तात्काळ आवरावा लागतो, किंवा वाफेला दुसरी वाट द्यावी लागते. एरव्हीं तपमान मर्यादेबाहेर जाऊं लागलें कीं वाफेंत पाण्याचे बारीक तुषार सोडतात. ज्या पाण्याला एवढें भ्यायचें, त्यालाच शेवटीं असें मदतीला बोलवावें लागतें.

अशी वाफ कोठें गळूं लागली तर डोळ्यांना कांहीं दिसत नाहीं, केवळ तीक्ष्ण शीळ ऐकूं येते. म्हणून जुने जाणते कामगार आवाजाच्या दिशेनें जातांना हात पुढें करीत नसत. लांब दांड्याचा झाडू पुढें धरीत.